वर्गातील मंत्रिमंडळ आणि बाहेरची लोकशाही

कोकणात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. पटनोंदणी, पाठ्यपुस्तकांचे वाटप, गणवेशाची मापे ही कामे उरकली की जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांत एक निवडणूक होते. मुले उमेदवारी अर्ज भरतात, चिन्हे वाटली जातात, दोन दिवस प्रचार चालतो. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागते. पूर्वी चिठ्ठ्यांची पेटी असे, अलीकडे मोबाइलवरील मतदान यंत्राचे ॲप वापरले जाते. मतमोजणी होते, गुलाल उधळला जातो आणि मुख्याध्यापक नव्या मंत्रिमंडळाला शपथ देतात. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, आहारमंत्री, सहलमंत्री अशी खाती वाटली जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत छायाचित्र येते. तेथेच बहुतेक वेळा या प्रयोगाची बातमी संपते आणि अनेकदा प्रयोगही.

चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या अलोरे परिसरातून या प्रथेकडे पाहिले तर एक विसंगती चटकन डोळ्यांत भरते. रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकल्याने राज्यातील बहुतांश जिल्हा परिषदांप्रमाणे येथेही प्रशासकाची राजवट आली. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुकांचा मार्ग मोकळा करीपर्यंत तीन शैक्षणिक वर्षे सरली होती. जून २०२२ मध्ये चौथीत बसलेले मूल तोवर सातवीच्या उंबरठ्यावर पोहोचले होते. मधल्या काळात सहावीच्या नागरिकशास्त्रात त्याने जिल्हा परिषदेची रचना, तिच्या समित्या आणि पदाधिकारी यांवरील प्रश्नोत्तरे पाठ केली. ज्या संस्थेची ही शाळा, तेथे मात्र निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. शाळेत दरवर्षी शिक्षणमंत्री निवडला जात होता आणि शाळा चालविणाऱ्या संस्थेत शिक्षण समितीचा सभापती नव्हता.

या विसंगतीवर हसणे सोपे आहे. तथापि तिच्यातून निघणारा प्रश्न गंभीर आहे. शाळेतील मंत्रिमंडळ मुलांना नेमके काय शिकवते? मत कसे द्यावे एवढेच, की मत दिल्यानंतर काय करावे हेही?

अर्जदार आणि नागरिक

अलोऱ्याची ओळख कोयना जलविद्युत प्रकल्पाशी जोडलेली आहे. कोळकेवाडी धरण आणि तेथील वीजगृह यांच्या निमित्ताने येथे शासकीय वसाहत उभी राहिली आणि राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे तीत राहू लागली. अशा वसाहतींचा कारभार आसपासच्या गावांपेक्षा वेगळा असतो. पाणी, दिवाबत्ती, रस्ते, घरांची डागडुजी हे सारे खाते पाहते. नळाला पाणी आले नाही तर रहिवासी कार्यालयात अर्ज देतो. त्या पाण्याविषयी निर्णय घेण्यात त्याचा वाटा नसतो. वसाहतीच्या कुंपणापलीकडे ग्रामपंचायतीचे राज्य सुरू होते. तेथील माणूस मतदार आहे, ग्रामसभेचा सदस्य आहे आणि सरपंचाला जाब विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

अर्जदार आणि नागरिक यांतील हा भेद केवळ प्रकल्पाच्या गावापुरता नाही. शहरातील गृहसंकुलात राहणारा, महापालिकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपणारा सुशिक्षित मनुष्यही बव्हंशी अर्जदारच असतो. मोठ्यांना न उमगलेला हा भेद प्राथमिक शाळेच्या वर्गात शिकविता येतो. मात्र त्यासाठी वर्गातील मंत्रिमंडळाला काहीतरी ठरविण्याचा अधिकार असावा लागतो.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काय घडते? स्वच्छतामंत्री म्हणजे झाडू कोणी मारायचा याची पाळी लावणारा. आरोग्यमंत्री नखे तपासतो. मुख्यमंत्री परिपाठाच्या वेळी रांगा लावतो आणि गुरुजी वर्गाबाहेर गेले की बडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. जुन्या काळच्या मॉनिटरला मंत्रिपदाचे नाव मिळाले, एवढाच फरक. शिस्त ठरविणारे शिक्षक असतात, मंत्री केवळ तिचा अंमल करतो. आपल्याच मित्राचे नाव फळ्यावर लिहिणाऱ्या मुलाला सत्तेचा पहिला धडा मिळतो. पद म्हणजे वरच्याच्या वतीने खालच्यावर लक्ष ठेवणे, हा तो धडा. ज्याचे नाव लिहिले जाते त्यालाही तोच धडा मिळतो. तो एवढेच शिकतो की, नाव पुसून घ्यायचे असेल तर मंत्र्याशी जमवून घ्यावे.

निवडीतही बाहेरच्या समाजाची सावली पडते. वर्गातील हुशार मुलगा मुख्यमंत्री होतो आणि सफाई किंवा पाणी ही खाती मुलींकडे जातात. कोकणातील गाव वाड्यांनी बनलेले असते. त्यामुळे वाडीचे मत वाडीच्या उमेदवाराला, हा हिशेब दहा वर्षांच्या मुलालाही सहज कळतो. शिक्षकाने याकडे कानाडोळा केला तर निवडणुकीच्या खेळातून मुले लोकशाहीपेक्षा गावकी अधिक चांगली शिकतात.

सेवाग्रामचा धडा

या प्रयोगाचा एक जुना आणि अधिक कसदार वारसा महाराष्ट्रातच आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नयी तालीमची कल्पना पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत मुलांची आमसभा भरे. मुले आपल्यातून मंत्री निवडत आणि स्वयंपाक, सफाई, आरोग्य अशी कामे त्यांच्याकडे सोपविली जात. मुदत संपताना मंत्र्याला सभेपुढे आपल्या कामाचा अहवाल ठेवावा लागे. तेथे खाती नावापुरती नव्हती. स्वयंपाकघराचे गणित चुकले तर सर्वांच्याच ताटावर त्याचा परिणाम दिसे. म्हणून अहवालही मन लावून ऐकला जाई.

पोलंडमधील वैद्य आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी वॉर्सा येथील अनाथाश्रमात याच्याही पुढचे पाऊल टाकले. १९१२ मध्ये सुरू झालेल्या या आश्रमात पुढे मुलांची संसद आणि मुलांचे न्यायालय चाले. त्या न्यायालयात मोठ्या माणसांविरुद्धही तक्रार करता येई. खुद्द कोर्चाक यांनाही तेथे उत्तर द्यावे लागले होते. मुलांना स्वराज्य देणे म्हणजे मोठ्यांनी आपल्या अधिकाराचा काही अंश सोडणे, ही गोष्ट त्यांनी आचरणातून दाखविली.

या दोन्ही उदाहरणांत निवडणूक हा मुख्य विधी नव्हता. भर होता तो दोन निवडणुकांमधल्या काळावर, म्हणजे सभेवर, हिशेबावर आणि उत्तरदायित्वावर. आजच्या शालेय मंत्रिमंडळांत नेमकी हीच बाजू दुबळी आहे. मतदान यंत्राचे ॲप आले, पण प्रश्नोत्तराचा तास आला नाही.

लहान शाळा, मोठी संधी

कोकणातील कमी पटाच्या शाळा हा एरवी चिंतेचा विषय असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता असे हे गणित आहे. त्यांपैकी एक जण केंद्राच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला तर उरलेल्या एकाला सारी शाळा सांभाळावी लागते. अशा बहुवर्ग शाळेत मुलांच्या हाती काही कारभार सोपविणे ही हौस राहत नाही, ती गरज बनते. चौथीची मुलगी पहिलीच्या मुलांचे वाचन घेते, कोणी ग्रंथपेटीची नोंद ठेवते, कोणी परसबागेला पाणी घालते.

खरे म्हणजे येथेच वर्गाचे स्वराज्य सहज रुजू शकते. त्यासाठी खर्च लागत नाही, काही शिस्तीचे नियम मात्र लागतात. पदाची मुदत वर्षाची न ठेवता महिन्या-दोन महिन्यांची ठेवावी, म्हणजे बहुतेक प्रत्येक मुलाला जबाबदारी मिळेल आणि मुलींच्या वाट्याला अर्थ व क्रीडा ही खातीही येतील. आठवड्यातून अर्धा तास वर्गसभा भरावी. तिचे अध्यक्षस्थान पाळीपाळीने मुलांकडे असावे आणि इतिवृत्त मुलांनीच लिहावे. मंत्र्याने काय केले, काय राहिले, का राहिले, हे सभेने विचारावे. काम न करणाऱ्याला मुदतीपूर्वी बदलण्याची सोयही असावी. ग्रंथपेटीत कोणती पुस्तके घ्यावीत, खेळाच्या तासाला मैदान कोणत्या वर्गाने कधी वापरावे, सहल कोठे न्यावी, स्नेहसंमेलनाचे शे-दोनशे रुपये कशावर खर्च करावेत, यांसारखे निर्णय खरोखर त्यांच्यावर सोडावेत. निर्णय चुकला तर त्याची झळही त्यांना बसू द्यावी. निम्म्या मुलांना न आवडलेली सहल मतदानाविषयी जे शिकवते, ते पाठ्यपुस्तकाच्या धड्यातून येत नाही.

त्याचबरोबर कोणते अधिकार मुलांना देऊ नयेत हेही ठरवावे लागेल. शिक्षा करण्याचा अधिकार त्यात पहिला. एका मुलाने दुसऱ्याला दंड करावा ही मुभा वर्गात दादागिरीला जन्म देते. शिक्षकांची कामे मुलांवर ढकलण्यासाठी मंत्रिमंडळाचा वापर होणेही तितकेच गैर. शाळेचे स्वच्छतागृह साफ करण्यासाठी स्वच्छतामंत्री नेमणे हे स्वयंशासन नव्हे. त्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही, हे विचारण्याची त्याला मुभा असणे म्हणजे स्वयंशासन.

साकवाची मागणी

हा प्रश्न शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील १२ व्या कलमाने मुलांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला. भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि महाराष्ट्रात या समितीवर विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनाही स्थान मिळाले. कागदावर वाट मोकळी आहे. त्या बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधी बोलतो का, आणि बोलला तर त्याचे बोलणे इतिवृत्तात उतरते का, हा खरा प्रश्न आहे.

शेजारच्या कर्नाटकात याचे एक बोलके उदाहरण आहे. उडुपी जिल्ह्यातील कुंदापूर तालुक्यात १९९० च्या दशकात मुलांच्या पंचायती सुरू झाल्या. मुलांनी आपल्या परिसराची पाहणी केली आणि मागण्या मोठ्यांच्या पंचायतीपुढे ठेवल्या. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरचे ओढे ओलांडता यावेत म्हणून लहान पूल हवेत, ही त्यांतील एक ठळक मागणी होती. पुढे २००६ पासून त्या राज्याने ग्रामपंचायतींना मुलांची ग्रामसभा घेण्यास सांगितले. कोकणातील वाचकाला हा पूल अनोळखी नाही. येथे त्याला साकव म्हणतात. चिपळूण तालुक्यातही पावसाळ्यात शाळेची वाट अनेकदा वहाळावरून जाते. कोणता साकव मोडकळीला आला आहे, हे अभियंत्याच्या आधी त्यावरून रोज जाणाऱ्या मुलाला ठाऊक असते.

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्यांची उपस्थिती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे रिकाम्या खुर्च्यांसमोरही ठराव होऊ शकतात. ज्या गावात मोठ्यांची सभा अशी भरते, तेथील मुलांनी केवळ शाई लावून लोकशाही शिकावी, ही अपेक्षा फोल आहे.

पुढची वाटही खडतर आहे. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये त्यांची तयारी झाली, परंतु विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि नंतर कोरोनाच्या साथीत हा विषय मागे पडला. म्हणजे चौथीत मुख्यमंत्री निवडणाऱ्या मुलाला महाविद्यालयात आपला प्रतिनिधी निवडण्याची संधी मिळत नाही आणि अठराव्या वर्षी एकदम राज्याचा कारभार ठरविण्यास सांगितले जाते. निवडणुकांतील हिंसेचे आणि पैशाचे भय त्या बंदीमागे होते व ते अनाठायी नव्हते. परंतु जबाबदारीची सवय मोडून जबाबदार मतदार घडत नाही, हा अनुभवही राज्याने घेतला आहे.

मधली ही पोकळी भरून काढणे प्राथमिक शाळेच्या आवाक्यात नाही. तिला फक्त सुरुवात करता येते. ती खरी व्हावी यासाठी जिल्हा परिषदेला एक साधी गोष्ट करता येईल. प्रत्येक शाळेच्या मंत्रिमंडळाने वर्षातून एकदा आपल्या सभेत एक ठराव करावा. पाण्याची टाकी, गळके छप्पर, मैदानाचे कुंपण किंवा वाटेवरचा साकव, असा कोणताही विषय त्यात असावा. तो ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचला जावा आणि संबंधित खात्याने त्याला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, त्यात कारण मात्र असावे. ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचले जावे आणि इतिवृत्ताच्या वहीत चिकटवले जावे.

निवडणुकीच्या दिवशी गावातील मतदान केंद्र बहुधा याच शाळेत असते. त्या दिवशी मुलांना सुटी असते, बाके भिंतीशी सरकविलेली असतात आणि त्यांचे गुरुजी अनेकदा दुसऱ्या कोणत्या तरी गावात केंद्राध्यक्ष म्हणून गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी बाके जागेवर येतात आणि वर्ग पुन्हा भरतो. त्या वर्गातील मंत्रिमंडळाने पाठविलेल्या ठरावाचे उत्तर आले आहे की नाही, हे एखाद्या मुलीने उभे राहून विचारले तर या सगळ्या प्रयोगाचे सार्थक होईल.