शिक्षा झाली, तारीख विसरूं नका

कर्त्या माणसाला शिक्षा झाली म्हणजे घरचीं माणसें आधीं पैशाच्या मागें धांवतात. कोणी बैल विकतो, कोणी वावर गहाण टाकतो. पैसा जमेपर्यंत अपिलाची मुदत निघून जाते. मग आपण निर्दोष कसे हें सांगण्यापूर्वीच उशीर कां झाला, हें सांगत बसावें लागतें.

म्हणून वऱ्हाडांतील बांधवांनीं हिशेब ध्यानांत ठेवावा. अमरावती किंवा अकोल्याच्या सेशन कोर्टानें कैदेची शिक्षा दिली, तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे अपिलास ६० दिवस. मॅजिस्ट्रेटनें दिली, तर सेशन कोर्टांत ३० दिवस. निकालाची नक्कल मिळविण्यास लागलेले दिवस यांतून वजा होतात.

मुदत टळली म्हणजे सर्व बुडालें, हा समज खोटा आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचें पांचवें कलम म्हणतें कीं, पुरेसें कारण दाखविल्यास कोर्ट उशीर माफ करूं शकतें. करीलच असें नव्हे. नक्कल केव्हां मिळाली, आजार कोणता, वकील केव्हां भेटला, हें तारखांसह व कागदांसह खरें लिहावें. खोटा दाखला जोडाल, तर खरें कारणही बुडेल.

१९७८ सालीं सुप्रीम कोर्टापुढें होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आला. दाद मागण्यास चार वर्षांवर उशीर झाला होता. नक्कल येरवड्याच्या तुरुंगांत पाठविलेली होती. कैदी म्हणे, मला मिळालीच नाहीं. आणि त्याच्या सहीची पोंच कोठेंच नव्हती. त्याचा अर्ज फेटाळला गेला, पण कोर्टानें बजावलें कीं, कैद्यास नक्कल फुकट व वेळेवर द्यावी, त्याची लेखी पोंच घ्यावी, आणि गरीब कैद्यास अपिलासाठीं वकील द्यावा. १९८७ च्या कायद्यानें कैदेंतील माणसास मोफत वकिलाचा हक्कही आहे. तो जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे मागावा. अपिलाचा अर्ज तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हातीं दिला तरी चालतो. तो कोर्टाकडे पाठविणें त्याचें काम आहे.

कायद्याचें अज्ञान ही सबब नव्हे, असें शहाणे म्हणतील. मग ज्ञान देण्याची सोय नको काय? शिक्षा सुनावतांनाच अपिलाची शेवटची तारीख मराठींत लिहून आरोपीच्या हातीं द्यावी, एवढीच आमची मागणी आहे. तिला खर्च एका चिठ्ठीचा.

वाफसा हुकला तर एक हंगाम जातो. येथें तारीख हुकली तर माणसाचीं वर्षें जातात. तेव्हां निकालाच्या दिवशींच विचारा: नक्कल केव्हां मिळेल, आणि मुदत केव्हां संपेल?