विश्लेषण : स्तनाची गाठ काढल्यावरही पाच वर्षे उपचार कशासाठी?

स्तनातली गाठ निघाली, टाके वाळले, की आजार संपला असे घरच्यांना वाटते. त्यात धानाची रोवणी तोंडावर असली तर पुढच्या तपासणीची तारीख सहज मागे पडते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ही दिरंगाई महागात पडू शकते.

धोका का उरतो?

गाठ लहान असतानाही काही कर्करोग पेशी रक्तातून किंवा काखेतल्या लसिका ग्रंथींमधून पुढे गेलेल्या असू शकतात. त्या तपासणीत दिसत नाहीत. काही वर्षांनी हाडे, फुप्फुस, यकृत किंवा मेंदूत वाढतात.

प्रमाण किती?

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० महिलांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत १०० पैकी सुमारे १७ जणींचा आजार परतला किंवा मृत्यू झाला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे भुलीचे औषध टोचलेल्या गटात हे प्रमाण १३ होते. या औषधाचा खर्च १०० रुपयांच्या आत आहे.

काय करावे?

स्तन राखून शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेला शेक, म्हणजे रेडिएशन, टाळू नये. हार्मोनशी संबंधित प्रकारात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज, साधारण पाच वर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद करू नये. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी करावी. काखेत नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी, खोकला, धाप किंवा कावीळ दिसली, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

गोळी तालुक्यात हवी

सिरोंचाहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. नागपूर त्याहून लांब. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी कोण देणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया होते, मात्र पुढची पाच वर्षे रुग्णाला एकटीने सांभाळावी लागू नयेत. टॅमॉक्सिफेन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते दरमहा ग्रामीण रुग्णालयात मिळावे, आशा सेविकेकडे रुग्णाची नोंद असावी आणि तारीख चुकली तर घरी निरोप जावा. आरोग्य विभागाने एवढे केले, तरी शस्त्रक्रियेवर झालेला खर्च आणि सोसलेला त्रास वाया जाणार नाही.