रशियन शिकताना ही दोन मुकी अक्षरं गाळू नका

रशियन शिकायला बसलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वर्णमालेतल्या ३३ अक्षरांपैकी दोघांना स्वतःचा आवाज नाही. म्हणून ती 'नंतर बघू' म्हणत मागे टाकू नका.

पहिलं 'म्याख्की ज़्नाक', म्हणजे मृदू चिन्ह. दिसायला रोमन लिपीतल्या लहान 'बी'सारखं, दांडी तेवढी आखूड. ते आधीच्या व्यंजनाला मऊ करतं: व्यंजन उच्चारतानाच जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलायचा. 'जगात' आणि 'जगणं' म्हणून पाहा. ज बदलताना जीभ कशी सरकते ते कळेल. शेवटी वेगळा 'य' मात्र जोडू नका. 'ब्रात' म्हणजे भाऊ. त्यातला त मऊ केला की 'घेणे' हे क्रियापद होतं. हा फरक देवनागरीत धड लिहिता येत नाही, तेव्हा वहीत देवनागरी उच्चार लिहायची सवय लवकर सोडा.

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेल्या मुलांनी तर हे चिन्ह जपावंच. वेदना 'बोल', रक्त 'क्रोफ', छाती 'ग्रूत', खोकला 'काशेल': रुग्णाच्या तोंडचे हे चारही शब्द त्यावरच संपतात. पहिले तीन स्त्रीलिंगी, खोकला पुल्लिंगी. त्यामुळे शब्दासोबत लिंगही पाठ करा. च किंवा श नंतर हे चिन्ह उच्चार बदलत नाही, पण नामाच्या शेवटी असलं की नाम स्त्रीलिंगी समजावं. रात्र म्हणजे 'नोच' चिन्हासह, चेंडू म्हणजे 'म्याच' चिन्हाविना. च दोन्हीकडे सारखाच.

दुसरं 'त्व्योर्दी ज़्नाक', कठोर चिन्ह. वर डावीकडे छोटी आडवी रेघ, एवढाच दिसण्यातला फरक. जुन्या पुस्तकांत ते शब्दांच्या शेवटी सर्रास दिसतं. १९१७-१८च्या लेखनसुधारणेत तिथून गेलं. आता ते शब्दाच्या मध्येच येतं आणि व्यंजन व पुढचा स्वर यांना वेगळं ठेवतं. 'स्येल' म्हणजे बसला. मध्ये हे चिन्ह आलं की 'स्-येल', म्हणजे जेवला.

सरावाला आकडे घ्या. पाचपासून वीसपर्यंत प्रत्येक आकड्याच्या शेवटी मृदू चिन्ह आहे. रशियन लिपीत लिहा, मोठ्याने म्हणा, रशियन माणसाचं ध्वनिमुद्रण ऐकून ताडून पाहा. सात म्हणजे 'स्येम'. त्यातला शेवटचा म मऊ करणं जड जातं, तिथे जरा जास्त वेळ द्या.