मूळ पुरुष कुठून आला होता?

गेल्या महिन्यात आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉर्म आला. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार आहे, माहिती पाठवा. मुलग्यांसाठी नऊ रकाने: जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, पत्नीचं माहेरचं नाव, अपत्यं, असं बरंच काही. मुलींसाठी एक ओळ. नाव, आणि लग्न झालं असल्यास सासरचं आडनाव. संपलं.

फॉर्म पाठवणारे काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा दुसरा मेसेज आला: यापुढे फ्लॅट ‘बाहेरच्या’ मुलांना भाड्याने देऊ नयेत. बाहेरची म्हणजे लातूर, बीड, परभणीहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या तिघांना महिन्याभरात जागा सोडायला सांगितलं आहे. त्यांची परीक्षा दीड महिन्यावर आली आहे.

मी जुना कुलवृत्तांत काढून पहिलं पान वाचलं. आमचा मूळ पुरुष गुहागरच्या बाजूचा. भाऊबंदकीत जमिनीचा तुकडा गेला, म्हणून उत्तर पेशवाईत तो घाट चढून पुण्याला आला. ओळखीच्या एका माणसाच्या ओसरीवर राहिला, पुढे कुठेतरी कारकुनी मिळाली. म्हणजे कॉट बेसिसच की.

हे काही एकट्या आमच्या घराची गोष्ट नाही. शाहू महाराजांनी 1713 साली श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, पहिल्या बाजीरावांनी पुण्यात मुक्काम हलवला, 1730 साली शनिवारवाड्याचं काम सुरू झालं आणि कोकणातल्या कित्येक घरांनी सह्याद्री ओलांडला. कुणाला कारकुनी हवी होती, कुणाला सावकारी, कुणाला नुसतं दोन वेळचं जेवण. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात त्यासाठी झुंबड उडे, दूरदूरहून लोक येत. आज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांबाहेर उभी असलेली पोरं निदान परीक्षा देऊन काही मिळवू पाहतात.

यावर काकांचं उत्तर मला पाठ आहे. ‘अगं, तेव्हाचं पुणं वेगळं होतं. आता पाणी पुरत नाही, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही.’ पाण्याची अडचण खरी आहे, आमच्याकडेही टँकर येतो. पण तेव्हाही माणसं वाढली तसं पाणी कमी पडलंच होतं. म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधला गेला, तिथून दगडी नळानं शहरात पाणी आणलं, पेठांमधून हौद झाले. आमच्या मूळ पुरुषानं पुण्यात जे पाणी प्यायलं ते याच कात्रजच्या नळाचं असणार. आणि तो आला तेव्हा पुणं काही मोकळं माळरान नव्हतं. कसबा त्याच्या कितीतरी आधीपासून नांदता होता. तिथल्या लोकांनी कोकणातून आलेल्या या अनुनासिक बोलणाऱ्या मंडळींबद्दल काय म्हटलं असेल, याची नोंद आमच्या पुस्तकात अर्थातच नाही.

कुलवृत्तांत टाकाऊ असतो असं माझं म्हणणं नाही. ज्या काळी गुगल नव्हतं तेव्हा पोस्टकार्डं लिहून, गावोगाव एसटीनं फिरून, तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या चाळून माणसांनी ही पुस्तकं केली. माझा राग त्यातल्या हिशेबावर आहे. आमच्या पुस्तकात तीन मुली असलेल्या एका पणजोबांपुढे ‘निर्वंश’ असं छापलं आहे. तीन लेकी वाढवलेला माणूस निर्वंश! बायकांची ओळख ‘प्रथम पत्नी’, ‘द्वितीय पत्नी’. पहिली कशानं गेली, किती वर्षांची होती, काही नाही. आणि पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. त्या कुणाच्या ना कुणाच्या वाड्यात राबत होत्या. कुठल्याही कुलवृत्तांतात मला अजून तरी ‘आमच्याकडे एक कुणबीण होती’ असं वाक्य सापडलेलं नाही.

आजीच्या माहेरचं काही मिळतं का, म्हणून मी फॅमिलीसर्चवर शोधत बसले. वंशावळींची ही फुकट वेबसाइट अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची. मृत पूर्वजांच्या नावानं बाप्तिस्मा करता येतो अशी त्यांची श्रद्धा, त्यासाठी पूर्वजांची नावं हवीत, म्हणून 1894 पासून ते जगभरच्या नोंदी जमवत आले आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा त्यांनी मायक्रोफिल्म केली. आजीचं काही मिळालं नाही. पण हे लोक कोण, म्हणून वाचायला लागले तर पुणंच समोर आलं.

1852 साली ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईहून पुण्याला आला होता. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला कॅम्पात थारा दिला नाही, तरी त्यानं इथे मूठभर लोकांची एक शाखा उभी केली. मुंबई-पुण्याच्या त्या खटपटीत जी माणसं त्या पंथात गेली, त्यात एलिझाबेथ झेवियर टेट होती. जन्म इथलाच, नवरा विल्यम स्कॉटिश, फौजेतला. तो मुलाला घेऊन आधी युटाला गेला. ती गरोदर होती म्हणून मागे राहिली. माहेर खातंपितं, तिला जाऊ नको म्हणून विनवत होतं. ती तान्ह्या मुलीला घेऊन जहाजात बसली. मुलगी वाटेतच गेली, तिला लिव्हरपूलला पुरलं. मग अटलांटिक, मग आगगाडी, मग 1856 सालच्या विली कंपनीबरोबर हातगाड्यांच्या तांड्यातून पश्चिमेकडे. ही कंपनी उशिरा निघाली, वायोमिंगमध्ये बर्फात अडकली आणि साठाहून जास्त माणसं मेली. एलिझाबेथ पोचली, नवऱ्याला भेटली, दोघं सीडर सिटी गावात राहिली.

युटात 24 जुलैला सरकारी सुट्टी असते. 1847 साली त्या दिवशी ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. मिरवणुका निघतात, पोरं जुने कपडे घालून हातगाड्या ओढतात. आमच्या मुंबईची ही बाई तिथे पायोनियर म्हणून सांगितली जाते, नावानिशी, तिच्या गेलेल्या लेकीच्या नावानिशी. आमच्या फॉर्ममध्ये तिची एक ओळ झाली असती: सासरचं आडनाव टेट.

हे वाचून मी भारावले होते. पुढचं पान उलटेपर्यंत. 11 सप्टेंबर 1857 ला, म्हणजे ती तिथे पोचल्यानंतर वर्षाच्या आत, सीडर सिटीपासून जवळच माउंटन मेडोज इथे मॉर्मन मिलिशियानं कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका तांड्यातली सुमारे 120 माणसं मारली. बायकामुलंही. मारणाऱ्यांत सीडर सिटीची माणसं होती आणि त्यांनी दोष टाकला पाय्यूट आदिवासींवर, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर ते येऊन राहिले होते त्यांच्यावर. एलिझाबेथवर मी याचं काहीही लादत नाही. पण बघा ना. दहा वर्षांपूर्वी स्वतः हाकलले गेलेले, हातगाड्या ओढत आलेले लोक, आणि वाटेनं जाणारा दुसरा तांडा त्यांना शत्रू वाटला.

आमच्या सोसायटीत कुणी बंदूक काढणार नाही, ठाऊक आहे. आमच्याकडे ‘नो बॅचलर्स’ची पाटी असते, ब्रोकरला दिलेली तोंडी सूचना असते आणि ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न असतो. तो विचारणाऱ्याच्या घरात, काचेच्या कपाटात, त्याच्या स्वतःच्या उत्तराचं कापडी बांधणीतलं पुस्तक ठेवलेलं असतं.

मी फॉर्म प्रिंट काढून भरला. मुलींच्या ओळीत माझं नाव, शिक्षण, नोकरी आणि पगारसुद्धा लिहिला. आजीच्या दोन बहिणी, ‘निर्वंश’ पणजोबांच्या तीन लेकी आणि त्यांची आजवर सापडलेली अकरा नातवंडं लिहिली. जागा पुरेना म्हणून मागचं पान घेतलं. मूळ पुरुषाच्या नावासमोर ‘पुण्यात कुणाच्या ओसरीवर राहिला’ असा रकाना आखला. ज्यानं ओसरी दिली त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, शोधायला हवं, असं खाली लिहिलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या तिघांना परीक्षेपर्यंत राहू द्यावं, अशी विनंती.

फोटो काढून काकांना पाठवला आहे. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.