पाया बुजविण्यापूर्वी

कोकणात जुने कौलारू घर उतरवून त्या जागी स्लॅबचे दुमजली घर उठविणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आणि पेण तालुक्यातील डोलवीसारख्या, महामार्गालगतच्या व पोलादाच्या कारखान्याशेजारच्या गावी तर मुळीच नाही. घरधनी फरशीचा रंग ठरविण्यास पेणची पेठ चार वेळा पालथी घालतो, खिडकीच्या गजांवरून गवंड्याशी घटकाभर हुज्जत घालतो. परंतु ज्या खड्ड्यावर हे सारे उभे राहावयाचे तो किती खोल गेला व त्याच्या तळाशी काय लागले, हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. कुदळ मारून नारळ फुटला की पायाचा विषय त्याच्यापुरता संपतो. ही उदासीनता आम्हांस फार घातक वाटते.

डोलवीच्या परिसरातील भूमी एका जातीची नाही. अंबा नदी व धरमतरची खाडी यांच्या काठच्या सखल भागात शतकानुशतके साचलेला खारा गाळ आहे. डोंगराच्या अंगाला मुरूम व त्याखाली काळा पाषाण. दोन शेतांच्या अंतरावर माती बदलते. सबब, 'शेजाऱ्याने चार फूट खणले, आपणही चारच खणू,' हा हिशेब येथे चालावयाचा नाही. खाडीचा गाळ भाराखाली एकदम दगा देत नाही. तो वर्षानुवर्षे सावकाश दबत राहतो. घर सर्व बाजूंनी सारखे खचले तर एक वेळ निभावते. अर्धे घर मुरमावर व अर्धे भरावावर असले म्हणजे मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, आणि मग घरधनी गिलाव्याला दोष देत बसतो.

'किती खोल खणावे?' हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. भारतीय मानकाप्रमाणे पाया मूळ जमिनीच्या खाली निदान अर्धा मीटर गेला पाहिजे. परंतु ही किमान मर्यादा होय, उत्तर नव्हे. 'मूळ जमीन' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावे. खाचरावर गेल्या वर्षी टाकलेला चार फूट भराव ही मूळ जमीन नव्हे. आमची सूचना अशी की, ठेका देण्यापूर्वी जागेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत परीक्षेचे खड्डे घ्यावे, आणि ते उघडे असतानाच अभियंत्यास दाखवावे. वैशाखातील कोरडा खड्डा पाहून कोणी हुरळू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि श्रावणात त्यात पाणी कोठवर चढते ते खरे माप. खोलवर गाळच लागत असेल तर बोअर घेऊन अखंड राफ्ट घालावयाची की पाईल उतरावयाचे, हे अभियंत्यानेच ठरवावे. तो खर्च जड वाटेल. पण बांधलेल्या घराखाली पुन्हा पाया घालण्याचा खर्च ज्यास करावा लागला आहे त्यास विचारा.

जोत्याच्या भरावाविषयीही थोडे लिहितो. भराव सहा ते नऊ इंचांच्या थरांनी घालून, पाणी मारून, प्रत्येक थरास धुम्मस केला पाहिजे. एकदम ओतलेला ढीग पहिल्या पावसात बसतो व फरशी पोकळ वाजू लागते. स्वस्त मिळते म्हणून पोलाद भट्टीची ताजी स्लॅग जोत्यात कोणी घालू नये. तिच्यात मोकळा चुना उरलेला असतो, तो पाणी लागताच फुगतो व फरशी उचलतो. गंमत अशी की, लोखंडाच्या झोतभट्टीची स्लॅग पाण्याने थंड करून, दाणेदार बनवून दळली म्हणजे तिचेच स्लॅग सिमेंट होते, व ते खाऱ्या जमिनीत साध्या सिमेंटापेक्षा उजवे ठरते. नाव एक, गुण निराळे. खाऱ्या जमिनीत काँक्रीट कालविण्यास खाडीचे किंवा मचूळ विहिरीचे पाणी वापरणे म्हणजे सळईस आपल्या हाताने गंज चढविणे होय. पायातील सळईवर निदान 50 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण पाहिजे.

परंतु अनर्थाचे मूळ आम्हांस मातीपेक्षा व्यवहारात अधिक दिसते. घराचा ठेका चौरस फुटाच्या एकाच भावाने दिला जातो. त्या भावात पाया आलाच. मग एक फूट कमी खणला तर तो फूट ठेकेदाराच्या पदरी पडतो, आणि आठ दिवसांत माती लोटली की साक्षीदार उरत नाही. ठेकेदार वाईटच असतो असे नव्हे. ही रीतच त्यास वाईट करते. व्यापारी वाचक हे चटकन ओळखतील. जे मोजल्याशिवाय आपण पसाभर तांदूळ घेत नाही, ते पायाचे काम न मोजता कसे घेतो? खोदाई घनफुटाने मोजून, सळई वजनाने, काँक्रीट मापाने. पायाचे पैसे असे निराळे द्यावे, खड्ड्याचे छायाचित्र घ्यावे, मगच बुजविण्यास परवानगी द्यावी.

खोदलेल्या मातीवर शुल्क पडते काय, असेही पुष्कळजण विचारतात. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या डिसेंबरात असा निवाडा दिला की, पायासाठी माती खणली एवढ्यावरूनच स्वामित्वधन मागता येत नाही. तिचा उपयोग कशासाठी झाला ते पाहिले पाहिजे. त्याच जागी भरावास वापरणे निराळे, बाहेर नेऊन विकणे निराळे.

खड्ड्यात उतरणाऱ्या बिगाऱ्याचा विचार तर कोणीच करीत नाही. पाच फुटांहून खोल चर ओल्या मातीत आधारावाचून उभा ठेवू नये, आणि उपसलेला ढीग काठापासून चार-पाच फूट दूर टाकावा. शेजारची जुनी भिंत असेल तेथे सबंध चर एकदम न खणता तुकड्यातुकड्याने खणावा.

24 ऑगस्ट 2020 रोजी आपल्याच जिल्ह्यात महाड येथे पाच मजल्यांची इमारत कोसळून 16 जणांचा बळी गेला. ती अवघी सुमारे दहा वर्षांची होती. एवढ्या नव्या इमारतीवर ही पाळी येते, मग बांधकाम चालू असतानाच ते पाहणारा कोणी असावयास नको काय? सरकारी नियमांत जोते तपासण्याचा टप्पा आहे. परंतु जोते तयार होते तेव्हा पाया मातीआड गेलेला असतो. आमची मागणी इतकीच की, तपासणी एक पायरी आधी, खड्डा उघडा असताना व्हावी, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवावी: कोणत्या जागी किती फुटांवर गाळ, किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर पाणी लागले. डोलवीच्या पंचायतीने हा आरंभ येत्या दिवाळीनंतर, पहिली कुदळ पडण्यापूर्वी करावा.