व्हीलचेअरसोबत मापाची गादी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : व्हीलचेअर वाटपात प्रत्येक लाभार्थ्याचे माप घेऊनच गादी देण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे सर्वजण मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरतो. आमच्यापैकी बहुतेकांना कमरेखाली स्पर्श कळत नाही. वाटप शिबिरात आमचे आधार कार्ड, यूडीआयडी कार्ड, उत्पन्नाचा दाखला, सगळे बारकाईने तपासले जाते. अंगाला टेप मात्र कोणी लावत नाही.

आमच्यातल्या एका ताईंची बसल्यावरची रुंदी १४ इंच. त्यांना मिळाली १८ इंची खुर्ची आणि तेवढीच रुंद, पातळ गादी. त्या डावीकडे कलून बसू लागल्या. दुखत नव्हते, म्हणून कळलेही नाही. एके दिवशी त्यांच्या आईला कपडे धुताना डाग दिसला. डाव्या बैठकीच्या हाडावर रुपयाएवढा बेडसोर झाला होता. तो भरेपर्यंत तीन महिने त्या पालथ्या पडून होत्या आणि शिवणकाम सुटले ते सुटलेच.

हे टाळायला महागडे यंत्र लागत नाही. व्यक्तीला ताठ बसवून कमरेखालची रुंदी मोजावी. पाठीमागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची लांबी दोन्ही पायांची वेगवेगळी मोजावी आणि कमी भरेल त्या मापातून ३ ते ६ सेंटिमीटर सोडून गादीची लांबी धरावी. गादीच्या जाडीनुसार फूटरेस्ट वर-खाली करणे तितकेच गरजेचे आहे. तो फार वर राहिला की गुडघे उचलले जातात आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो.

शेवटची तपासणी हाताची. गादीवर बसवल्यावर बैठकीच्या हाडाखाली बोटे सरकवावीत. बोटांची टोके निदान ५ मिलिमीटर वर-खाली हलली पाहिजेत. बोटे चेपून बसत असतील, तर ती गादी त्या व्यक्तीला देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्हीलचेअर सेवेच्या मूलभूत प्रशिक्षणातही हेच शिकवतात.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, प्रत्येक शिबिरात फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असावा, आधी माप व्हावे आणि मगच खरेदी. खुर्ची हाती देताना हाताची तपासणी करून तशी नोंद लाभार्थ्याच्या कागदावर घ्यावी. फोम कालांतराने दबतो. तेव्हा गादी बदलून मिळण्याची तरतूद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ५ टक्के दिव्यांग निधीतून व्हावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २७ नुसार आरोग्यविषयक पुनर्वसन सेवा ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे. बिनमापाची गादी देऊन ती पूर्ण होत नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

पुढील वाटप शिबिराआधी याबाबत लेखी आदेश काढून त्याची प्रत आम्हांला द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
व्हीलचेअर वापरणारे नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)