दूध तिलाच पाजायचंय, मग मी कशाला उठू?

माझा ऑन-कॉलचा आठवडा असला की फोन उशाशी असतो, लॅपटॉप चार्जिंगला असतो, आणि अलर्ट वाजला की पाच मिनिटांत 'ॲकनॉलेज' दाबायचं असतं. मग रात्रीचे तीन असोत की पहाटेचे साडेचार. सहा वर्षांच्या नोकरीत मी हे एकदाही चुकवलेलं नाही. झोप गाढ होती, सकाळी मीटिंग होती, असलं कारण मी मॅनेजरला कधी दिलं नाही. दिलं असतं तर त्याने ऐकूनही घेतलं नसतं.

घरी मात्र हीच दोन कारणं मी रोज रात्री वापरली.

मुलगी अडीच महिन्यांची झाल्यावर बायको तिला घेऊन सांगलीहून पुण्याला आली. त्यानंतर दहाव्या की बाराव्या रात्री अलर्ट वाजला. तीन वाजून दहा मिनिटं. मी सवयीने बटण दाबलं, लॅपटॉप उघडला, आणि मग मान वर केली. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. मुलगी तिच्या मांडीवरून घसरून उशी आणि खुर्चीचा हात यांच्या मधे आली होती, तोंड उशीकडे. मी लॅपटॉप टाकून तिला उचललं. तिला काही झालं नव्हतं, तिने एक जांभई दिली. बायको दचकून उठली आणि म्हणाली, "सॉरी, डोळा लागला."

सॉरी ती म्हणाली.

बाळाला मांडीवर घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर झोप लागणं किती धोक्याचं असतं, त्यात बाळ गुदमरू शकतं, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री एवढंच कळलं की मी मुलीसाठी उठलो नव्हतो. सर्व्हरसाठी उठलो होतो आणि मुलगी योगायोगाने दिसली.

आता ते प्रसिद्ध वाक्य घेऊ. "दूध तर तिलाच पाजायचंय. मी उठून काय करणार?" माझ्या वयाच्या जवळपास प्रत्येक बापाने हे कधी ना कधी म्हटलेलं आहे, आणि ते इतकं शास्त्रीय वाटतं की त्यावर कुणी पुढे बोलतच नाही. निसर्गानेच कामाची वाटणी केली आहे म्हटल्यावर आपण कोण बोलणारे?

तर मी घड्याळ लावून बसलो. नवं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. आमच्याकडे त्यातल्या चार वेळा रात्री यायच्या आणि प्रत्येक वेळेला साधारण तास जायचा. त्या तासात प्रत्यक्ष पाजणं वीस-पंचवीस मिनिटांचं. उरलेल्या वेळात काय असतं? ओला डायपर बदलायचा. खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. ढेकरेसोबत दूध बाहेर आलं की झबलं बदलायचं, दुपटं बदलायचं. मग हॉलमध्ये फेऱ्या. झोपली असं वाटलं की अलगद खाली ठेवायचं, पाठ टेकली की ती डोळे उघडणार, की पुन्हा फेऱ्या. शिवाय पाजताना बाईला भयंकर तहान लागते, तेव्हा पाण्याचा तांब्या जवळ हवा. यातल्या कुठल्या कामाला स्तन लागतात?

(खरं सांगायचं तर माझं पहिलं योगदान गूगल शीट हे होतं. कधी प्यायली, कुठल्या बाजूने, किती मिनिटं, शी-शू, सगळे रकाने, वर रंगीत आलेख. मी ते कौतुकाने दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "छान आहे. तो ओला नॅपकिन दे.")

तास तासात काम मोजल्यावर काही हुशार मित्रांनी दुसरं टोक गाठलं. मग पावडरचं दूध आणा, रात्रीची एक बाटली बापाची, झाली समानता. हेही मला पटत नाही. दूध मागणीप्रमाणे तयार होतं. जितकं बाहेर पडेल तितकं पुढे बनतं. ते बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रात्री जास्त असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं सलग चुकवलं की छाती दगडासारखी होते, गाठी येतात, कधी ताप येतो, आणि हळूहळू दूधही कमी होतं. म्हणजे तिला झोप मिळावी म्हणून केलेला उपाय तिच्याच अंगावर येतो. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध द्या म्हणते. आपल्याकडे १९९२चा एक कायदा आहे, त्याने दुधाच्या बाटलीची जाहिरात करायलाच बंदी आहे. ज्या बाईला दूध येत नाही किंवा पाजायचंच नाही तिची गोष्ट वेगळी, तिथे पावडर द्यावी आणि शेजाऱ्यांनी गप्प बसावं. पण बापाला सहभागी झाल्याचं समाधान मिळावं म्हणून बाटली आणायची, हा उलटा कारभार झाला.

पाजणं बसल्यावर, म्हणजे महिना-दीड महिन्यानंतर, काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने बापाला पाजता येतं. आम्ही तेही केलं. पण दूध काढायलाही तिचाच वेळ जातो, हे विसरू नका. त्या पंपाचे सहा भाग धुणं, उकळणं, वाळवणं आणि फ्रिजमधलं दूध गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करणं हे जर तीच करणार असेल, तर तुम्ही फक्त चमचा धरला.

आम्हाला जे जमलं ते साधं होतं. रात्री नऊचं पाजणं झालं की ती आतल्या खोलीत दार लावून झोपते आणि मुलगी माझ्याकडे. भुकेने रडेपर्यंत, म्हणजे बारा-साडेबारापर्यंत, ती माझी. मग मी तिला आईजवळ नेतो, पिऊन झालं की परत घेतो, ढेकर आणि डायपर माझा. दोन ते पाच मी झोपतो. पाचचं पाजणं झालं की पुन्हा माझी पाळी, आठपर्यंत. दोघांनी रात्रभर एकमेकांच्या सोबतीने जागण्यात काही अर्थ नाही, त्याने सकाळी घरात दोन चिडलेली माणसं तयार होतात. तिला सलग तीन तास झोप दोनदा मिळाली पाहिजे, एवढंच मी धरलं. ते मिळायला लागल्यावर चौथ्या दिवशी ती सकाळी उठून काहीतरी गुणगुणली. कित्येक आठवड्यांत मी ते ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं हेही तेव्हाच लक्षात आलं.

हे मला अडीच महिने उशिरा का कळलं? कारण ते अडीच महिने मी तिथे नव्हतोच. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला नियम. त्यात शहाणपण आहे. तिला तिच्या आईजवळ लाजावं लागत नाही, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मालिशवाल्या मावशी, सगळं हाताशी असतं. पण बाळ सांभाळायला शिकायचे दिवसही हेच असतात, आणि त्या शाळेतून बापाचं नाव कमी केलेलं असतं. मी शनिवारी सांगलीला जायचो, बाळ मांडीवर घ्यायचो, ते रडलं की सासूबाई उचलून न्यायच्या. रात्री मला वेगळ्या खोलीत गादी. "जावईबापू, तुम्ही झोपा निवांत, प्रवास करून आलात." मी निवांत झोपलो. बायको पुण्याला आली तेव्हा तिला रडण्याचे चार प्रकार ओळखू यायचे आणि मला डायपरची पुढची बाजू कुठली हेही माहीत नव्हतं. मग अर्थातच "राहू दे, मीच करते पटकन." हे एकदा सुरू झालं की वर्षानुवर्षं चालतं, आणि बाप म्हणतो, तिला जमतं तसं मला जमत नाही.

"आमच्या वेळी कुठे बाप उठायचे?" असं आई म्हणते. खरं आहे. तेव्हा आजी उठायची, काकू उठायची, माहेरपणाला आलेली आत्या उठायची. रात्रीचं काम वाटलेलंच होतं, फक्त बायकांमध्ये. आता वाकडच्या आमच्या दोन खोल्यांत काकू नाही. तिची जागा रिकामी आहे आणि घरात दुसरं मोठं माणूस एकच उरतं.

बाहेरची व्यवस्थाही याच समजुतीवर उभी आहे. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी आईची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. चांगलंच झालं. बापाला केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस मिळतात, खाजगी नोकरीत कायद्याने एकही नाही. माझ्या कंपनीने पाच दिले, सोबत टेडी बेअरचं चित्र असलेला ईमेल. म्हणून घरोघरी वाक्य तयार: "ती रजेवरच आहे ना, त्याला सकाळी ऑफिस आहे." टाके भरत असलेल्या, आठवडेच्या आठवडे सलग न झोपलेल्या बाईच्या त्या काळाला रजा म्हणणं हा भाषेचा विनोद आहे. पण पाच दिवस मिळाले म्हणून रात्री झोपून राहायचं, हे कायद्याने सांगितलेलं नाही. रात्री दोन वाजता कुठलंच ऑफिस उघडं नसतं. आणि उघडं असलं तर आपण उठतोच की.

आई परवा फोनवर मावशीला सांगत होती, "बिचारा रात्रीचा उठतो गं, काय दशा झालीय पोराची." बायको शेजारीच पोरीला पाजत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं. आई वाईट नाही. ती स्वतः दोन मुलांसाठी किती रात्री उठली याची कुणी मोजदाद केली नाही, तर तिला तरी कशी दिसावी?

पुढच्या सोमवारपासून माझा ऑन-कॉल आहे. तो बदलून दिवसाचा द्या असं मी टीमच्या चॅनेलवर लिहिलं. मॅनेजरने विचारलं, "एनी रीझन?" मी लिहिलं, रात्री दुसरीकडे ड्यूटी आहे. त्याने हसणारा चेहरा पाठवलाय. त्याला वाटलं मी गंमत करतोय.